शालूबायची लाल फौज

प्रियंकाचं लग्न झालं त्या सालची गोष्ट. बेटेगावात मांडव पडला होता. आचाऱ्याच्या माणसांनी तांदळाच्या गोणी ओटीवर उतरवल्या आणि त्यांतली एक नेमकी बुद्धिबळाच्या पटावर आदळली. सागाचा जुना पट मधोमध चिरला. प्रियंकाची आजी शालूबाय, काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेलेले. तिने पटावरून हात फिरवला, चिरेत नख घालून पाहिलं आणि लग्न आटोपल्यावर धाकट्या भावाला जवळ बोलावलं.

"विसू, फळी तेवढी सांध. मोहऱ्यांना हात लावू नको."

"बरं बाय," विश्राम म्हणाला. मोहरे घरांत नीट बसतात का ते बघायला लागेल, म्हणून त्यांची पेटीही त्याने काखेत मारली.

बहिणीला आपल्याला जास्त तसदी द्यायची नाही, एवढाच अर्थ त्याने काढला. पट भावोजींचा होता, आणि भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हातारीने आठवण म्हणून ठेवला असेल, नाहीतर न दिसणारं माणूस मोहऱ्यांचं करणार काय?

विश्रामची सारी नोकरी बोईसरच्या कारखान्यात टर्नर म्हणून झाली. तिथे कडेला जरा कुसळ राहिलं तरी माल परत यायचा. निवृत्त झाल्यावर त्याने माकुणसारच्या वाडीत, चिकूखाली, पत्र्याची शेड घातली, भंगारातून छोटा लेथ आणला आणि जुनी लाकडी बुद्धिबळं गोळा करायचं वेड लावून घेतलं. काही तारापूरच्या पारशी घरांतली, काही खलाशांनी विकलेली, काही भुंग्यांनी पोखरलेली. बायको नर्मदा म्हणायची, "लोक म्हातारपणी देव जमवतात, आमच्याकडे हत्ती."

दुपारी त्या शेडमध्ये ऊन हिरवं होऊन उतरायचं. भावोजींच्या मोहऱ्यांची लाख जागोजाग उडाली होती. एका फौजेच्या प्रत्येक डोक्यावर कुरतडल्यासारखी खाच होती, आणि एका लाल घोड्याचा कान चावून चावून बोथट झाला होता. विश्रामचा हात काही गप्प बसेना. त्याने लाखेत भुसा कालवून खाचा भरल्या, कान नव्याने कोरला, लाल आणि हिरवी लाख चढवली आणि केवड्याच्या पानाने घासघासून मोहरे असे लकाकवले की त्यांत झाडं दिसावीत. घासता घासता त्याचा डोळा लागला. स्वप्नात लाल घोडे केळव्याच्या ओल्या वाळूवरून चालत होते, आणि पाण्याला पायांचा आवाज नव्हता.

सांधलेला पट आणि पेटी घेऊन विश्राम बेटेगावला आला तेव्हा शालूबायने पेटी उघडली. एक मोहरा उचलला, डोक्यावरून अंगठा फिरवला, ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा.

"खाचा कुठं गेल्या?"

"बुजवल्या की! उंदरांनी पार कुरतडलं होतं."

"उंदीर नाय रे मेल्या, तुझे भावोजी. माझे डोळे गेले तवा चाकू घेऊन बसले होते. लाल माझे म्हणून लालांना खाचा."

विश्रामने शालूबायच्या सुनेकडे, प्रफुल्लच्या सपनाकडे, पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मामा, आई रोज दुपारी खेळतात. दोन्ही बाजूंनी."

"बाय, तुला खेळता येतं?"

"तुझ्या भावोजींना विचारायचं होतंस, जित्ते होते तवा. किती वेळा हरवलं त्यांना." मग तिचा आवाज खाली आला. "डाव मांडला का मला दिसतं, विसू. हिरवे खाडीकडनं येतात, माझे हत्ती भाताच्या शेतातनं. हे समोर बसलेले असतात, विडी नाकाशी धरून. आता नुसतं धुकं हाय."

तिने पेटी मिटली आणि विश्रामला पाणी देऊन वाटेला लावलं.

पुढे सपनाचा फोन आला, आई दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसतात, हाक मारली तरी वळत नाहीत. विश्राम सकाळच्या गाडीने गेला. खिशात धारदार चाकू होता.

"बाय, दाखव कुठं कापू."

"तुझी लाख खराब व्हईल."

"व्हऊ दे."

त्या लाखेइतकं सुबक काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. पहिल्या प्याद्यावर चाकू टेकवला तेव्हा त्याचा हात अडला. शालूबायने त्याचं मनगट धरलं आणि दाबलं. लाखेचा तुकडा उडाला. "आनखी खोल," ती म्हणाली. "ते काय तुझ्यासारखे घाबरत नव्हते." लाल चुऱ्याने दोघांच्या मांड्या भरल्या. प्यादी झाली, हत्ती झाले, उंट, वजीर, राजा. मग तो घोडा हातात आला.

"ह्याचा कान आमच्या प्रफुल्लने चावला होता. दात येत होते तवा."

"प्रफुल्ल येऊ दे वापीवरनं, पुन्हा चावायला लावतो," विश्राम म्हणाला.

"त्याचेच आता पडायला आलेत." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. घोडा बोटांत फिरवत राहिली. "हा ऱ्हाऊ दे गुळगुळीत. असा नवा कान हिरव्या घोड्यांना नाय. हातात आला का कळंल, हा तो."

मग तिने लाल फौज आपल्या बाजूने मांडली. हिरवी विश्रामकडे ढकलली.

"डोळे मीट. उघडे ठेवून खेळलास तर मला समजतं."

त्याने डोळे मिटले. आधी नुसता अंधार, स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज. मग बोटांखाली प्याद्याचं डोकं लागलं, आणि हळूहळू कापलेलं शेत उजळत गेलं. दूरवर उमरोळीच्या अंगाने लाल हत्ती येत होते, खुंटांवरून, पाय न वाजवता. समोर कुणीतरी बसलं होतं. विडीचा वास आला. विश्रामला वाटलं, विचारावं, भावोजी, बरे हाय ना? पण तेवढ्यात शालूबायचा वजीर खटकन त्याच्या राजासमोर येऊन बसला.

"उघड आता," ती म्हणाली. "हरलास."

त्यानंतर विश्राम दर दुपारी बेटेगावला जायचा. एकही डाव त्याला जिंकता आला नाही.

शालूबाय त्याच साली, देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, बेटेगावच्या घरी वारली.