चिमट्याचं खाणं कधी बदलायचं

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर न दिलेली पत्रं त्याच्या आयुष्यात काही कमी नव्हती. दुकानातल्या टेबलाचा खालचा खण त्यांनीच भरला होता. पण त्यांतलं एकही पत्र कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. हे दहा-बारा ओळींचं होतं आणि त्यात विचारलं एवढंच होतं, की पिल्लाचं खाणं तुम्ही कधी बदलणार आहात ते मला आधी कळवा.

पत्र नर्सबाईंचं होतं. निवृत्त झाल्यावर त्या घरी छोट्या जातीची कुत्री पाळायच्या, पुरती वाढली तरी मांडीवर मावतील अशी. त्यांच्या गावात घड्याळं दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून अर्ध्या दिवसाचा प्रवास करून त्या एक बंद पडलेलं घड्याळ त्याच्या दुकानात घेऊन आल्या. तो ते उघडत असताना समोरच्या स्टुलावर बसून त्याचे हात बघत राहिल्या. ऐकायला कमी यायचं, त्यामुळे बोलायच्या मोठ्याने. "माझ्याकडे चार पिल्लं आहेत. तिघांची घरं ठरलीत. चौथं सगळ्यांत बारीक आहे, ते कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नव्हता. तुमच्या हातात देते." नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. त्याने उघडलं नाही. खरं म्हणजे त्याला नाही म्हणायचंही नव्हतं.

पिल्लू आलं तेव्हा नऊ आठवड्यांचं होतं. वजन आठशे दहा ग्रॅम. समोर येईल ते बोट दातांत धरायचं, म्हणून त्याचं नाव चिमटा पडलं. सोबत खाण्याचं एक पाकीट होतं. मिरीएवढे दाणे, कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चार वेळा द्यायचे. आणि पाचव्या दिवशी मागोमाग पत्र आलं.

'पाकीट दहा दिवस पुरेल. हे खाणं दुकानांत सहसा मिळत नाही. तुम्ही दोन ओळी लिहा, दुसरं पाकीट त्याच दिवशी पाठवते. घर नवं, माणसं नवी, त्यात लस टोचलेली. खाणं तरी जुनंच राहू द्या. रोज सकाळी वजन करा. सलग सात दिवस वजन वाढलं आणि शी घट्ट राहिली, तर मग नवं खाणं सुरू करा, तेही जुन्यात थोडंथोडं मिसळत, आठ-दहा दिवस लावून. याच्या बहिणीचं खाणं तिच्या नव्या घरी तिसऱ्याच दिवशी बदललं. ती गेली. म्हणून प्रत्येक घराला विचारते आहे. फोनवर मला ऐकू येत नाही, तेव्हा लिहा.'

असं पत्र आल्यावर शहाणा माणूस दोन ओळी लिहून मोकळा होतो. त्याने चार दिवसांत सहा कागद फाडले. 'सप्रेम नमस्कार' फार सलगीचं वाटलं, 'सादर नमस्कार' कचेरीतल्या अर्जासारखं. गेलेल्या पिल्लाबद्दल वाईट वाटल्याचं लिहावं का? लिहिलं तर त्या हसतील, न लिहिलं तर दगड म्हणतील. पत्र खणात गेलं. दहावा दिवस उजाडला, पाकिटाचा तळ दिसू लागला, आणि तो एका भिंतीवरच्या घड्याळाची कमान बदलत बसला.

घरात त्याची थोरली बहीण होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिचं राज्य होतं. दोनशे पोरं एका वेळी जेवायला घालायची आणि एकाचीही तक्रार ऐकून घ्यायची नाही, असा तिचा खाक्या. निवृत्तीनंतर दोनशे पोरांच्या वाट्याचं सगळं धाकट्या भावाच्या वाट्याला आलं. त्याला ती लहानपणापासून मुक्या म्हणायची, आणि आता तो एकोणसत्तर वर्षांचा झाला तरी गिऱ्हाइकांसमोरही मुक्याच म्हणायची.

दहाव्या दिवशी संध्याकाळी ताई एक भलीथोरली पिशवी घेऊन आली. पिशवीवर लांडग्याएवढ्या कुत्र्याचं चित्र.

"पाकीट संपलंय तुझ्या लाडक्याचं. तुला पत्ता नसेलच. बघ, सगळ्या वयांना चालतं, दुकानदार म्हणाला. हे खाऊन अंगाला लागेल काहीतरी. तो आधीचा कबुतराचा दाणा खाऊन कुणाचं भलं झालंय!"

तो दारात उभा राहून म्हणाला, "ताई, जरा हळूहळू..."

"काय?"

"काही नाही."

त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

ते दाणे सुपारीच्या खांडांएवढे होते. चिमट्याने एक उचलला, तोंडातून पाडला, पुन्हा उचलला. ताईने ते दुधात कुस्करून दिले. दुसऱ्या दिवशी त्याला पातळ झालं. तिसऱ्या दिवशी पाण्यासारखं. रोज सकाळी घड्याळजी दुकानातल्या बारीक वजनकाट्यावर चिमट्याला ठेवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. आठशे अडुसष्ट. आठशे एकेचाळीस. आठशे दोन. वहीतले आकडे उतरत होते, अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख होतं. ते सुरेख अक्षर बघून त्याला स्वतःचा असा संताप आला की वही भिरकावून द्यावी. त्याने वही मिटून जागेवर ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी चिमटा काट्यावर बसलाच नाही. आडवा पडला. मान एकीकडे कलंडली, पाय कुणी तार ओढावी तसे थरथरू लागले. त्याने ओठ उचलून पाहिला, तर हिरड्या पांढऱ्या आणि गार.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. तो चपला न घालता पळाला, पिल्लू सदऱ्याच्या आत पोटाशी. मागून ताई, हातात रुमाल, धापा टाकत, "अरे, गाड्या बघ, मुक्या, गाड्या!"

डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता आधी पिल्लाच्या हिरड्यांना साखरेचं पाणी चोळलं, मग पुढच्या पायाला एवढीशी सुई लावून सलाईन सुरू केलं. ती सुईसुद्धा त्या पायाला खांबासारखी दिसत होती.

"खाणं कधी बदललंत?"

"परवा... नाही, तेरवा," तो म्हणाला.

"थोडंथोडं, की एकदम?"

"एकदम."

"आठशे ग्रॅमचं जनावर आहे हो हे! ह्याच्या अंगात साठा तो कितीसा असणार? मोठं कुत्रं दोन दिवस उपाशी काढील. ह्याच्या पोटात काही टिकलं नाही तर सकाळचं संध्याकाळपर्यंत आडवं होतं. आणि वर दूध! शिकलेली माणसं तुम्ही. बाहेर बसा."

बाहेर भिंतीला लागून एक लांब बाक होता. समोर एक बाई टोपलीत मांजर घेऊन बसली होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तळपाय खरोखरच रस्त्याने सोलले होते. एकोणसत्तर वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. तो ओरडला.

"मारलंस तू त्याला!"

टोपलीतलं मांजर दचकून खाली बसलं.

"कुणाला विचारून आणलीस ती पिशवी? कुणाला? प्रत्येक गोष्टीत तुझंच चालायला हवं! माझा चहा तू ठरवणार, माझा सदरा तू ठरवणार. मी काय तुझ्या वसतिगृहातला पोर आहे? दोनशे पोरांना एकाच पळीने वाढायचीस, तशीच त्या मुठीएवढ्या जिवालाही वाढायला गेलीस! नर्सबाईंनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, खाणं बदलू नका म्हणून! स्वच्छ!"

ताईचं तोंड उत्तर द्यायला उघडलंच होतं. ते तसंच राहिलं. मग तिने हळू विचारलं, "कुठलं पत्र?"

त्याने सोललेले तळपाय आत ओढून घेतले.

"कुठलं पत्र, मुक्या?"

"आलं होतं. आठ-नऊ दिवसांपूर्वी."

"काय लिहिलं होतं?"

त्याने सांगितलं. सगळं. चिमट्याची बहीण कशी गेली ते, आणि दोन ओळी लिहिल्या असत्या तर दुसरं पाकीट घरी आलं असतं, तेही. सांगताना त्याचा आवाज बाकाखाली गेला होता. पण ताईचा वर चढू लागला.

"म्हणजे तुला माहीत होतं! मी त्याच्यापुढे वाटी ठेवत होते तेव्हा तुला माहीत होतं! तू दारात उभा राहून बघत होतास!"

"मी म्हणालो होतो, हळूहळू..."

"हळूहळू काय? पाऊस पडला, हळूहळू? मी कुत्रं कधी पाळलंय? मला काय स्वप्न पडणार? मला कुणी सांगितलं असतं की एक पिल्लू असंच मेलंय, तर मी त्या पिशवीला हात लावला असता? राक्षसीण आहे मी?" ती उठून उभी राहिली. "चाळीस वर्षं तुझी घड्याळांची एकच टकळी ऐकते आहे. एका वेळी एकच भाग बदलायचा, ताई, दोन बदलले तर बिघाड कुठला ते कळत नाही. लोकांच्या घड्याळांची एवढी काळजी! आणि ह्याचं घर बदललं, माणसं बदलली, सुई टोचली, वर खाणं बदललं, तेव्हा जीभ झडली होती? वहीत आकडे कसले लिहीत होतास रोज? मरणाचा हिशोब?"

मांजरवाली बाई भिंतीवरचा तक्ता मन लावून वाचू लागली.

"बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, आई सांगायची तुला. तुझे नुसते गहू पडून राहत नाहीत रे. तुझ्या न बोलण्याने दुसऱ्याच्या हातून खून पडतो, आणि मग तू पहिल्यांदा तोंड उघडतोस ते कुणावर? माझ्यावर!"

 त्याचा राग जागचा हलला नव्हता. उलट आतापर्यंत तो ताईच्या अंगावर तरी टाकता येत होता, आता तो परत त्याच्याच अंगावर येऊन बसला. तिने न विचारता पिशवी आणली हे खरं होतं. त्याने सांगितलं नाही हेही खरं होतं. दोन्ही खरी असली म्हणून कुठलंच अर्धं होत नव्हतं.

दीड तासाने डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. चिमटा टॉवेलात गुंडाळलेला होता, डोळे उघडे. बोट पुढे केलं तर त्याने ते चावलं नाही, नुसतं हुंगलं.

"साखर वर आलीय. दुपारपर्यंत इथेच राहू दे. पण अजून निभावलं म्हणू नका, पोट ठिकाणावर यायचंय. मी आजारी पोटाचा एक डबा देते, तो फार तर चार दिवस. त्यानंतर ह्याला आधीचंच खाणं हवं, ओळखीचं. आहे का घरात?"

"नाही," तो म्हणाला.

"मग आणा. आता तिसरा प्रयोग नको ह्याच्यावर."

तो बाहेर आला आणि औषधं देणाऱ्या मुलीकडून एक कोरा कागद, टपालाचं एक पाकीट आणि पेन मागून घेतलं. बाकावर बसला, गुडघ्यावर मांजरवाल्या बाईने विसरलेलं मासिक ठेवलं आणि लिहू लागला. ताई शेजारी येऊन उभी राहिली.

"आधी नमस्कार घाल. तसंच काय सुरू करतोस?"

"तू गप्प बस."

ती गप्प बसली. दोघांनाही त्याचं नवल वाटलं, पण नवल करायला कुणालाच सवड नव्हती.

त्याने लिहिलं, 'तुमचं पत्र वेळेवर पोचलं होतं. मी उत्तर दिलं नाही. पाकीट संपलं आणि दहाव्या दिवशी घरात खाणं एकदम बदललं गेलं. पिल्लाला जुलाब झाले आणि आज सकाळी ते कोसळलं. सध्या दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे.'

ताई खांद्यावरून वाचत होती. "बदललं गेलं? आपोआप? पिशवी चालत आली घरात? मी बदललं असं लिही."

"मी लिहितोय ना."

"माझ्यावर पांघरूण घालू नकोस. भर दवाखान्यात मारेकरी म्हणालास, आणि कागदावर साळसूद होतोस? माझा हात होता, मला घाल त्यात. आणि तुला माहीत होतं, तेही घाल. तेवढं चुकवू नकोस."

त्याने 'बदललं गेलं' वर काट मारली. कागद फाडावासा वाटला. काट मारलेलं पत्र त्याने जन्मात कुणाला पाठवलं नव्हतं. दात आवळून त्याने काटेच्या वर लिहिलं, 'माझ्या बहिणीने बदललं. तिला तुमच्या पत्राची माहिती नव्हती. मला होती आणि मी बोललो नाही.' आणि पुढे सलग लिहीत गेला. 'जुन्या खाण्याचं पाकीट कृपया लगेच पाठवा. माझ्याकडे चार दिवस आहेत. तुम्ही विचारलं होतं की खाणं कधी बदलणार. पोट बरं झाल्यावर सलग सात दिवस वजन वाढेल, तेव्हा. वजनाचा आकडा रोज एका कार्डावर कळवीन. सातवा आकडा तुम्ही पाहिल्यावर आणि हो म्हटल्यावरच नवा दाणा मिसळीन. पिल्लू परत हवं असेल तर तसं सांगा. मी स्वतः आणून देईन.'

शेवटच्या दोन वाक्यांवर ताईने बोट ठेवलं. "हे कशाला?"

"त्यांनी माझे हात बघून दिलं होतं."

 ताईने त्याच्या हातातून पाकीट घेतलं, त्यावरचा पत्ता मोठ्याने वाचून तपासला आणि परत दिलं. "दुपारचं टपाल दीडला निघतं. पळ. आणि माझ्या चपला घाल, तुझं रक्त सांडतंय फरशीवर."

तो तिच्या, दोन बोटं आखूड चपला घालून निघाला. राग उतरला नव्हता. ताईवर होता, दुकानदारावर होता, पिशवीवरच्या त्या दात दाखवणाऱ्या लांडग्यावर होता आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर होता. चौकातल्या लाल पेटीशी टपालवाला वाकून कुलूप उघडत होता.

"थांबा!" तो इतक्या जोरात ओरडला की टपालवाल्याच्या हातून किल्ल्या पडल्या.

"अहो आजोबा, पेटी कुठे पळून नाही चालली. टाका."

त्याने पत्र टाकलं. टपालवाल्याने ते बाकीच्या पत्रांसकट गोळा करून थैलीत भरलं, थैलीचं तोंड आवळलं आणि सायकलवर टांग मारली. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत घड्याळजी तिथे उभा राहिला, आणि मग त्या आखूड चपलांत लंगडत दवाखान्याकडे परत निघाला.