झोप लागेल एवढी शिल्लक

आमच्या सासरी पैसे शिल्लक पडले की घरात चोर शिरल्यासारखी धावपळ व्हायची.

दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेत ठेवायची, त्यावर एक नोटही नाही, हा सासूबाईंचा नियम. महिनाअखेरीला वर काही उरलं की त्या पर्स काखोटीला मारून बाहेर पडायच्या आणि दिवे लागायच्या आत ते उडवून यायच्या. त्यामुळे दोन खोल्यांच्या आमच्या घरात चार कुकर होते, भिंती भरून घड्याळं होती आणि फ्रीज तीन. तिसरा फ्रीज कधी चालूच केला नव्हता, त्यात आम्ही चादरी ठेवायचो. नवरा फ्रीज दुरुस्त करणारा, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, गिऱ्हाइकांचे पडून राहिले असतील. मीही कुणाचा गैरसमज दूर करायला गेले नाही. खरं कारण कळतं तर लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं.

खरं कारण मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कळलं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. पगार आणून सासूबाईंच्या हातात दिला आणि म्हटलं, "आई, यातले निम्मे बाजूला टाकत जाऊ या." त्या अशा दचकल्या की मलाच वाटलं, आपण काहीतरी घाण बोललो.

"तुझे सासरे आजारी होते ते माहितीये ना तुला?" त्या म्हणाल्या. "जागेचा तुकडा विकला, बक्कळ पैसे आले, आणि पंधरवड्याच्या आत हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या थिजला. डोळे उघडे, श्वास चालू, बाकी काही नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. सात वर्षं गं! त्या पैशांवर सात वर्षं काढली मी. आणि दोन महिन्यांपुरते उरले, त्या दिवशी उठून बसले आणि चहा मागितला. पुढे चांगले म्हातारे होऊन गेले."

"योगायोग असेल, आई."

"असेल. पण दुखणं दारात येऊन आधी बघतं, घरात किती आहे. जेवढं असेल तेवढा मुक्काम ठोकतं. दोन महिन्यांसाठी ते पायरीसुद्धा चढत नाही."

मला हसू आवरेना. साथीला म्हणून नवऱ्याकडे पाहिलं, तर तो मान खाली घालून कपातला चहा ढवळत बसला होता. साखर कधीच विरघळली होती. त्या सात वर्षांत त्याचं सगळं लहानपण गेलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

माझं माहेर याच्या नेमकं उलटं. वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा घरात दमडी नव्हती. आई मला बरोबर घेऊन दुकानदाराकडे उधार मागायला गेली, आणि त्याने चार लोकांदेखत आमची पिशवी रिकामीच परत दिली. ती पिशवी मी घरापर्यंत आणली. रिकामी पिशवी एवढी जड लागते हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून माझी झोप उडाली ती उडालीच. अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात सुरू व्हायचं: उद्या काही झालं तर किती दिवस निघतील?

म्हणून मी गुपचूप एफडी काढली. जादा कामाचे पैसे, लोकांना पडदे शिवून दिल्याचे पैसे, भावाने वाढदिवसाला दिलेले, सगळं तिकडे. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. माझा आकडा होता दोन वर्षांचा घरखर्च. दोनच का, ते विचारू नका. प्रत्येक माणसाचा एक आकडा असतो. त्याच्या अलीकडे जीव टांगणीला लागतो आणि पलीकडे गेलं की तो भांड्यात पडतो. मी तिथवर पोचायला फार वर्षं घेतली. पोचले त्या दिवशी मात्र अशी झोपले की सकाळी सासूबाईंनी हलवून उठवलं.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या दुकानासमोरच्या न्हाव्याचा मला कामावर फोन आला. "वहिनी, जरा लगेच या. काय झालंय कळत नाही."

नवरा आपल्या दुकानात स्टुलावर बसला होता. समोर उघडा फ्रीज, हातात स्क्रू ड्रायव्हर. डोळे उघडे. हात लावला तर अंग नेहमीसारखं ऊबदार. मी हाक मारली, गदागदा हलवलं, शेवटी ओरडले. त्याची पापणीसुद्धा लवली नाही. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या मुठीतून सोडवायला न्हावी आणि मी, दोघं लागलो.

हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर रिपोर्ट बघायचे आणि खूश व्हायचे. इतके चांगले रिपोर्ट त्यांचे स्वतःचेही नसतील. ओठाला चमचा लावला की तो गिळायचा. बाकी दिवसभर छताकडे बघत राहायचा.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं, "तुझ्याकडे किती आहेत?"

"दोन महिन्यांचेच. बँकेत आहेत तेवढेच," मी म्हणाले.

"मग हा एव्हाना उठायला हवा होता," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

तरी मी एफडीचं नाव काढलं नाही. आता तर पैसे लागणार होते, आणि या बाईच्या खुळापायी मी ते उडवून टाकू? खोलीचं बिल भरायला मी एफडीतला एक तुकडा मोडला आणि कुठून आणले ते सांगितलं नाही. बिल भरून वर आले तर नवऱ्याने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मी त्याच्या उशाशी बसून रडले. औषध लागू पडलं, असं डॉक्टर म्हणाले आणि मीही तेच म्हणाले.

दोन दिवसांनी माझा भाऊ भेटायला आला. गुणी आहे बिचारा. स्वतःची मोटरसायकल विकून पाकीट घेऊन आला होता. "ताई, नाही म्हणू नकोस," म्हणत त्याने ते माझ्या हातात कोंबलं. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि नवऱ्याकडे वळले. त्याच्या पापण्या अर्ध्यावर थांबल्या होत्या. त्या पुन्हा हलेनात. डोळे कोरडे पडायला लागले. सासूबाई ओल्या कापसाने ते पुसत होत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या.

मी भावाच्या मागे जिना उतरत धावले आणि पाकीट त्याच्या खिशात परत घातलं. त्याला वाटलं, ताईचा मानीपणा आडवा आला. तो दुखावलेलाच निघून गेला. मी वर आले तेव्हा नवरा पापण्या मिटत होता, उघडत होता.

मग मात्र मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता कानाखाली बसणार. त्या नुसत्या म्हणाल्या, "दोन वर्षं! बाई गं, दोन वर्षं पुरेल इतकं भय कुठे साठवलंस तू?" आणि मग, "संपव."

संपव म्हणायला काय जातं! त्यांची समजूत खोटी ठरली, तर नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मी पुन्हा ती रिकामी पिशवी घेऊन दुकानदारापुढे. मी मधला मार्ग काढला. निम्मी रक्कम मोडून सगळी देणी फेडली, त्याच्या दुकानाचं पुढचं भाडं भरून टाकलं, सासूबाईंना गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला लावलं. नवऱ्याची मान वळायला लागली. मग हात. आम्ही त्याला घरी आणलं, तो भिंतीला धरून बसायला लागला. मी म्हटलं, झालं, गाडी रुळावर आली, उरलेलं त्याच्या नशिबाने होईल. उरलेले पैसे राहू देत.

तो तिथेच थांबला. बसायचा, माझ्या मागे मागे डोळे फिरवायचा, पण तोंडातून शब्द नाही. पावसाळा गेला, थंडी आली, तसूभरही फरक नाही. एकदा मी बँकेच्या मेसेजवर उरलेली शिल्लक बघत होते. मान वर केली तर तो माझ्याकडे टक लावून बघत होता. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी उरलेली सगळी एफडी मोडली आणि त्याच हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीवर गेले. म्हटलं, कुणाचं बिल थकलं असेल तर मला भरायचंय. आतला कारकून चष्म्यावरून बघायला लागला. काच वाकडी बसवली होती कुणीतरी.

"पेशंट कोण तुमचे?"

"कुणी नाही."

"नातं?"

"काहीच नाही हो. तुम्ही भरून घ्या ना."

त्याने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी कुणाला. माझं डोकं ठिकाणावर आहे ना, याची तीन जणांनी खात्री करून घेतली, तेव्हा कुठे पैसे घेतले. मी बाहेर आले. माझ्या आयुष्यातली सगळी झोप मी त्या खिडकीतून आत सरकवली होती.

घरात पाऊल टाकलं तर नवरा वाकून पलंगाखाली बघत होता.

"अगं, स्क्रू पडलाय इथे कुठेतरी," तो म्हणाला. "बघ ना जरा, तुझी नजर चांगली आहे."

सासूबाईंनी चौथा कुकर शेजारणीला देऊन टाकला. का, ते त्यांनाच ठाऊक. बहुतेक आनंदाने.

त्यानंतर सगळं नियमाने. दोन महिन्यांची शिल्लक, वर एक नोट नाही. नवरा कामाला लागला, एका मोठ्या हॉटेलचे सगळे फ्रीज त्याच्याकडे आले. लोक म्हणायचे, चेहऱ्यावर तेज आलंय. त्याच्या. माझ्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी रोज छताकडे बघत पडायची आणि दोन महिन्यांनंतरचा पहिला दिवस डोळ्यांपुढे आणायची. दुकानात माझ्या हातून काचा चिरायला लागल्या. मालक दोनदा बोलला. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही, पण एका अंथरुणात काय लपतं?

मग एका सकाळी मला कळलं की रात्री मी झोपले होते. पुरती नाही, पण झोपले होते. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. कशाने ते कळेना, आणि सुखाला कारण विचारायला मी काही एवढी शहाणी नाही. घरात काहीतरी भक्कम आलंय, एवढंच अंगाला जाणवत होतं.

सुट्टीच्या दिवशी नवरा शर्टाची बटणं लावत होता. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं ताठ, बाजूला राहिलेली. ती त्याच्या कामात येतच नव्हती.

"हे काय?"

"काही नाही. अवघडली असतील."

मी त्याचा हात हातात घेतला. बोटं ऊबदार होती. दाबली, चिमटा काढला. त्याला काही कळलं नाही, तो माझ्याकडेच बघत होता. माझी पाचावर धारण बसली. मी सगळं घर धुंडाळलं. कपाट, कुकर, घड्याळांच्या मागे. मग तिसरा फ्रीज उघडला आणि चादरी बाहेर ओढल्या. वर फ्रीझरच्या कप्प्यात त्याची हत्यारांची जुनी पिशवी होती. आत रबर लावलेल्या नोटा.

"किती आहेत?" मी विचारलं.

"सहा महिन्यांचे," तो म्हणाला. "हॉटेलचे. तुला झोप लागत नाही ना."

"अरे, पण तुझा हात..."

"डावा आहे. आणि दोनच बोटं. एकदा घर पाहिलेलं दुखणं आता थोड्यालाही येतं, मी थोडं थोडं टाकून बघितलं. सहा महिन्यांना दोन बोटं जातात, त्याच्या वर काही जात नाही. स्क्रू ड्रायव्हर उजव्यात धरतो मी." तो हसला. "तुला आणखी लागणार असतील तर तिसरं बोटही काही फारसं कामाचं नाही."

मी ती पिशवी घेऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर दुकानं उघडी होती. दोन तासांत सगळं उडवता आलं असतं, सासूबाईंनी तर तासात उडवलं असतं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. ती दोन बोटं मला दिसतच नव्हती. मी उरलेली तीन बघत होते, आणि एकेका बोटाला किती महिने पडतील ते डोक्यात आपोआप चाललं होतं. मला स्वतःची किळस आली. तरी ते थांबलं नाही.

मी पिशवी कप्प्यात परत ठेवली. चादरी घड्या घालून त्याच्याखाली लावल्या आणि फ्रीजचं दार नीट दाबून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहा केला. नवऱ्याने कप डाव्या हातात घेतला, तीन बोटांत. सासूबाई कपाकडे बघत राहिल्या. मग मान वळवून माझ्याकडे.

"बरी झोप लागली वाटतं तुला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले.