ताईचं वजन

माझे पाय लहानपणापासून नावालाच. हात मात्र सोन्याचे, असं गिऱ्हाईक म्हणतं. मी घड्याळं दुरुस्त करते. गेल्या वर्षी मला फिट्स येऊ लागल्या. आरोग्य केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या, फिट्स थांबल्या, पण हात थरथरायला लागले. चिमट्यात धरलेला स्क्रू उडून कुठल्या कुठे. माझं हातावर पोट, आणि हातच संपावर.

"या गोळीचा डोस वजनावर ठरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं वजन नीट घेतलं होतं ना?"

केंद्रात चाकाच्या खुर्चीसाठी उतार झालाय, दार रुंद झालंय. काटा मात्र तोच, उभं राहू शकणाऱ्यांचा. म्हणून तेव्हा थोरल्या ताईनं मला पाठुंगळी घेतलं आणि काट्यावर चढली. दोघींच्या वजनातून तिचं वजा करायचं, इतका साधा हिशेब. पण एकटीनं चढायची वेळ आली तेव्हा, "माझं मला पाठ आहे," म्हणत ती आकडा सांगून मोकळी झाली. रांगेत शेजारीण बसली होती ना!

मी ताईकडे पाहिलं. ती मनगटावरच्या घड्याळात बघू लागली. ते कधीचं बंद आहे.

"किती कमी सांगितलंस?"

"अगं, थोडंसंच."

माझं टाळकंच फिरलं. "तुझं थोडंसं मी वर्षभर गिळतेय, ताई!"

नर्सबाईंना हसू आवरेना. मला रडू येत होतं. शाळेत मला पाठीवरून नेणारी हीच. हिच्यावर रागवायचं तरी किती? तरी रागावलेच.

ताईनं मला उचललं, काट्यावर चढली. मग मला खुर्चीत बसवून, चपला काढून, कानातलीसुद्धा काढून एकटी चढली. रांगेतल्या माना लांब झाल्या. नर्सबाई आकडा हळूच पुटपुटल्या.

"बहात्तर!" ताई सगळ्या केंद्राला ऐकू जाईल अशी ओरडली. "लिहा, बहात्तर!"

डॉक्टरीणबाईंनी डोस कमी केला. थरथर हळूहळू जाईल, म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ताईनं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"घाई नाही," ती म्हणाली.

बाजारात घड्याळवाले काय कमी आहेत? पण ते बंद पडल्यापासून तिनं दुसऱ्या कुणाला दाखवलं नव्हतं.