नानांच्या मळ्यातली बडगी

मी एक जुनी बडगी आहे. मित्रांनो, बडगी म्हणजे भाजलेली वांगी ठेचायचं लाकडी भांडं. चिंधा सुताराने मला निंबाच्या ओंडक्यातून कोरलं आणि धरणगावच्या शिवारात, पितांबरनानांच्या मळ्यात माझा संसार सुरू झाला. हिवाळ्यात माझा थाट बघावा! कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, मिरची-लसणासोबत माझ्यात ठेचायची आणि केळीच्या पानावर वाढायची. मिक्सरमधलं भरीत नाना तोंडातही घालत नसत. मला भारी गर्व वाटे.

नानांचा नातू भूषण विद्यापीठात शिकायला गेला, तसे त्याचे वसतिगृहातले मित्र भरीत पार्टीला येऊ लागले. त्यांत सातपुड्याच्या पायथ्याचा लखन होता. कॉलेजात गेलेला त्याच्या घरातला तो पहिलाच. जेवणं झाली की बाकीचे पाय पसरत. लखन मात्र मला घासून-पुसून उन्हात ठेवायचा. मला तो फार आवडायचा.

गेल्या हिवाळ्यात नाना बाजाराला गेलेले असताना पोरांनी बाटल्या आणल्या. लखन नको नको म्हणत होता.

"एक घोटमा काय व्हस रे?" भूषण हसला.

एकाचे किती झाले, कोणी पाहिलं नाही. भर दुपारी लखन आडवा झाला. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. पोरं घाबरली. दवाखान्यात न्यावं तर घरी कळणार, वसतिगृहातून काढून टाकणार.

"भरीत खवाडा त्याले, बठ्ठी उतरी जाई," भूषण म्हणाला. पोटात काही गेलं की सगळी नशा उतरेल, असं त्यांना वाटलं.

उताण्या पडलेल्या, शुद्ध नसलेल्या लखनच्या तोंडात त्यांनी माझ्यातलं भरीत कोंबलं. घास श्वासनळीत अडकला. मग गाडी बोलावली, पण वाटेतच सगळं संपलं.

काही दिवसांनी त्याची आई गुंताबाई मळ्यात आली. तिने एवढंच विचारलं, "नाना, मना लखन उपाशी ते नही ना गया?"

नाना तिच्याजवळ खाली बसले. "नही माय, जेयेल व्हता."

तिच्या जिवाला तेवढाच आधार वाटला. माझा जीव मात्र तुटत होता.

आता नाना मला गोठ्याच्या माळ्यावरून खाली काढत नाहीत. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. पिऊन कोणी बेशुद्ध पडला, तर त्याला काही खाऊ-पिऊ घालू नका. कुशीवर वळवा, जवळ बसा आणि लगेच १०८ ला फोन करा. घरचे रागावतील. रागावू द्या. गुंताबाईला आता रागवायलाही लेक उरला नाही.