घराची शांतता

सावित्रीचं तान्हं पोर तापाने गेलं, तेव्हा ती दिवसभर आक्रोश करायची. तिच्या नवऱ्याने, रावजीने, रत्नागिरीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ब्रोमाइडचं, गुंगी आणणारं मिक्श्चर लिहून दिलं. थोडे दिवस घ्या, मन शांत होईल. मन शांत झालं, घरही शांत झालं. म्हणून बाटली भरून येतच राहिली.

दोन वर्षांनी धाकटी बहीण तुळसा पावसहून भेटायला आली, तर सावित्री भिंत धरून चालत होती. तोंडभर पुटकुळ्या, जीभ जड. तिने बहिणीला ओळखलं नाही. "औषध आणलंस?" एवढंच विचारलं.

"डोकं फिरलंय तिचं," रावजी म्हणाला. "वेड्यांच्या इस्पितळात ठेवायची आहे."

"तुम्हीच फिरवलंत, भावोजी, त्या बाटलीने!"

तुळसा तडक दवाखान्यात शिरली. बाकांवर रोगी बसले होते.

"डॉक्टर, माझ्या आक्काला शेवटचं कधी तपासलंत?"

"तिचा नवरा येतो ना. औषध ती स्वतःच मागते."

"मागणारच! सवय तुम्ही लावलीत. दारूवाला तरी गिऱ्हाइकाचं तोंड बघतो!"

डॉक्टरांनी तिला बाहेर काढायची खूण केली. ती आपणच निघाली. त्याच दिवशी भाट्याची खाडी होडीतून ओलांडून तिने बहिणीला पावसला नेलं.

तिथे सावित्री तिला चावली, वैरीण म्हणाली, पाया पडली. "एक घोट दे गो, एकच." एकदा रस्त्यावर पळाली. तुळसाने तिला ओढत आणलं, रागाने थोबाडीत मारली आणि मग तिच्याच शेजारी बसून रडली. पेज, पाणी, पुन्हा पेज.

हळूहळू जीभ सुटली. एका दुपारी आमसुलं वाळत घालताना सावित्रीने विचारलं, "माझ्या बाळाला पुरलं कुठे गो? मला आठवतच नाही."

तुळसाने सांगितलं. सावित्री संध्याकाळपर्यंत ओरडून रडली. कोणी तिला गप्प केलं नाही.

पुढे रावजी न्यायला आला. "बरी झालीस, चल. पण घरी रडारड नको हं. माझ्या आईला सोसत नाही."

"तिला सोसत नाही?" सावित्रीचा आवाज शेजारच्या वाडीपर्यंत गेला. "पोर माझं मेलं! तुमची झोपमोड होऊ नये म्हणून माझं दुःखसुद्धा मला भोगू दिलं नाहीत! मी येत नाही."

रावजी इकडेतिकडे बघत निघून गेला. सावित्री पावसलाच राहिली. झोप तिला पुढे कधी धड लागली नाही, पण औषध तिने पुन्हा मागितलं नाही.