नलूबाईचा डावा हात

सत्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वडनेरच्या नलूबाईचा उजवा हात मळणीयंत्रात गेला. गव्हाचं काम चालू होतं. निवडणुकीच्या जीपगाड्या भोंगे वाजवत गावातून फिरत होत्या आणि खळ्यावर यंत्राचा आवाज इतका होता की ती ओरडली तेही पलीकडच्या माणसांना उशिरा कळलं. कुसळं टोचू नयेत म्हणून तिनं मनगटाला फडकं गुंडाळलं होतं. पेंढी आत सारताना त्या फडक्याचं टोक ओढलं गेलं. कोपराच्या खाली काही उरलं नाही.

नलूबाई तेव्हा चाळिशीच्या आसपासची. नवरा बबनराव आधीच गेलेला, मूलबाळ नाही. पण चार एकर वावर तिनं एकटीनं चांगलं सांभाळलं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यातून सुटल्यावर तिचा धाकटा भाऊ रूपराव तिला सेलूला आपल्या घरी घेऊन गेला. त्याचं तिथं किराणा दुकान होतं. वडनेरच्या घराला कुलूप लागलं, वावर शेजाऱ्याला ठोक्यानं, वर्षाची रक्कम ठरवून, कसायला दिलं.

रूपरावची बायको कांता मायाळू होती. नलूबाईनं तांब्याला हात लावला की कांता धावत यायची. "राहू द्या ना बाई, मी हावो ना." सकाळी तीच तिला आंघोळ घालायची, लुगडं नेसवायची, वेणी घालायची आणि जेवायच्या वेळी समोर बसून घास भरवायची. डाव्या हातानं जेवायचं कसं, हा प्रश्नच त्या घरात कोणी काढला नाही. नलूबाईनंही नाही. तो हात कशासाठी वापरायचा असतो हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. ती तोंड उघडायची, घास गिळायची, आणि दिवसभर ओसरीवर बसून रस्त्यावरची माणसं बघायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तिच्या पायांनासुद्धा चालायची सवय राहिली नाही.

दवाखान्यानं तिला एक कृत्रिम हात दिला होता. दिसायला ठीक होता, पण जड होता, पट्ट्यांखाली घाम साचायचा, आणि त्यानं काही धरता येत नव्हतं. लग्नाकार्याला जाताना तो लावायचा, एवढाच त्याचा उपयोग. त्याचे पट्टे काचून जखम झाली म्हणून थंडीत एकदा रूपरावनं तिला परत वर्ध्याला दाखवायला नेलं. तिथंच तिला सीताबाई भेटली.

बाहेरच्या बाकावर एक सावळी, उंच बाई बसली होती. तिचाही उजवा हात नव्हता, आणि खांद्याजवळूनच नव्हता. तिनं पिशवीतून डबा काढला, दोन गुडघ्यांत घट्ट धरला आणि झाकण फिरवून उघडलं. मग भाकर मांडीवर ठेवून तुकडा मोडला, चटणीला लावला आणि जेवायला लागली. नलूबाई बघतच राहिली.

"काय पाह्यतं वं? भूक लागली काय?" ती बाई म्हणाली.

"नाई... तुमी डाव्या हातानं जेवता."

"मंग उजवा कोठून आणू?" ती हसली. "साबण लावतो, हात धुतो, जेवतो. हात हात अस्ते. तू कशी जेवतं?"

नलूबाईनं मान खाली घातली. "भावजय भरवते."

सीताबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं नलूबाईचं गाव विचारून घेतलं आणि स्वतःचं सांगितलं. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनात ती कामाला होती, तिथं हात गेला, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. नवरा सोडून गेला. ती बुद्धपुऱ्यात आपल्या घरी एकटी राहत होती, सगळं स्वतः करत होती, गोधड्या शिवून पोट भरत होती.

"गोधड्या? एका हातानं?"

"ये पाह्याले. वडनेर काई दूर नाई. चार दिवस राह्य माह्या घरी. पन भरवनार नाई मी, सांगून ठेवतो."

सेलूला परत येताना एसटीत नलूबाईनं भावाला सांगितलं. रूपराव आवाज खाली घेऊन म्हणाला, "बाई, थे लोकं... त्यायच्या घरी राह्यशीन? जेवशीन? गावातले काय म्हनतीन?"

"तुह्या गावातल्या कोनाले एका हातानं लुगडं नेसता येते काय? येत अशीन तर त्याच्या घरी जातो."

संक्रांत झाल्यावर रूपरावनं तिला हिंगणघाटला पोचवलं, दाराशी उभं राहून पाणीसुद्धा न पिता तो परतला. त्याच्या पाठीकडे बघत सीताबाईनं दार तेवढं लावून घेतलं.

सीताबाईचं घर एका खोलीचं होतं. पहिल्या दिवशी नलूबाईला वाटलं, हे घर थोडं वेडंवाकडं मांडलेलं आहे. भिंतीला कमरेच्या उंचीवर खुंट्या होत्या. चुलीशेजारी मातीत एक खाच होती, तिच्यात काड्यापेटी उभी रोवलेली. एका पाटाला खालून दोन खिळे ठोकले होते आणि त्यांची टोकं वर निघालेली. मग सीताबाईनं त्या टोकांवर कांदा दाबून बसवला आणि सुरीनं कापला, तेव्हा त्या पाटाचा अर्थ तिला कळला. परातीखाली ओलं फडकं घातलं की पीठ मळताना परात फिरत नाही. भाकर थापून झाली की ती पत्र्याच्या सपाट तुकड्यावर ओढून घ्यायची आणि तव्यावर सरकवायची. चोळीची गाठ मारता येत नाही, तर टिचबटणं लावायची. लुगड्याच्या काठाला एक पट्टा शिवून घ्यायचा, तो कमरेभोवती आणून आकड्यात अडकवायचा, मग निऱ्या हनुवटीखाली धरून पाडायच्या.

गोधडीचंही कोडं सुटलं. सीताबाई कापड जड दगडांखाली दाबून ताणून घ्यायची, आणि सुईत दोरा ओवताना सुई साबणाच्या वडीत उभी खुपसायची.

शिकवायला सीताबाई काही गोड नव्हती. नलूबाईची पहिली भाकर चुलीत पडली. दुसरी तुटली. "आता रडत बसू नको, पीठ काई रडून भिजत नाई," असं म्हणून ती बाहेर निघून गेली आणि बराच वेळ आलीच नाही. नलूबाईनं तिसरी केली. ती वाकडी होती, पण तव्यावर पोचली. त्या दुपारी कित्येक महिन्यांनी तिनं स्वतःच्या हातानं घास तोंडात घातला. डाव्या हाताचा तो घास ओठांना लागला तेव्हा तिला आधी लाज वाटली. मग तिखट लागलं. मग फक्त भूक लागली.

एका सकाळी तिनं विचारलं, "सीताबाई, देवाले फूल कोन्या हातानं वाहाचं?"

"थे तुह्य तू पाह्य," सीताबाई म्हणाली. "मी बुद्धाच्या फोटोपुढं याच हातानं मेणबत्ती लावतो. त्यानं कधी काई म्हनलं नाई."

केस मात्र सीताबाई रोज शेजारणीकडून विंचरून घ्यायची. नलूबाईला नवल वाटलं. "हे काऊन नाई शिकली?"

"शिकलो असतो. पन तिच्यासंगं गोठी होतात ना," ती म्हणाली.

चार दिवसांचा महिना झाला. होळीच्या आधी नलूबाई वडनेरला परतली आणि कुलूप उघडलं. रूपराव भांडला, कांता रडली, पण ती ऐकेना. गावच्या सुताराकडून तिनं खिळ्यांचा पाट करून घेतला. विहिरीच्या काठाशी खांद्याइतका उंच ओटा बांधून घेतला. गुंड, म्हणजे पाण्याची घागर, आधी त्यावर ठेवून भरायचा, मग खाली वाकून डोक्यावर घ्यायचा. दोर ओढताना प्रत्येक ओढीनंतर तो पायाखाली दाबून धरायचा. गावच्या बायका सुरुवातीला बघायला जमायच्या. पुढं त्याच ओट्यावर म्हाताऱ्या बायकाही आपले गुंड ठेवायला लागल्या. वेचणीच्या दिवसांत ती कमरेला ओटी बांधून कापूस वेचायची. इतरांपेक्षा हळू, पण धरलेली पात, आपली ओळ, सोडायची नाही.

दोन वर्षं नीट गेली. तिसऱ्या वर्षी श्रावणात चुलीवरचं वरणाचं गंज, उकळतं पातेलं, कलंडलं. ते पडू नये म्हणून तिनं विचार न करता हात पुढं केला. असलेला एकुलता एक हात मनगटापर्यंत भाजला.

निरोप मिळताच रूपराव आला. पट्टी बांधलेला हात बघून तो उंबरठ्यातच बसला. "झालं ना आता? मी म्हनतच होतो. चाल घरी. आता काई आयकनार नाई मी."

नलूबाईला पाण्याचा पेलाही उचलता येत नव्हता. शेजारची कमलाबाई सकाळपासून तिला पाजत होती. भावाचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"हात बरा होऊन जाईन रूपराव," ती म्हणाली. "पन तुह्या घरी आलो की मी पुन्हा ओसरीवर बसतो. मंग उठत नाई. मागच्या वक्ती सीताबाई भेटली म्हनून उठलो."

"मंग करन कोन तुह्य?"

"तूच सांग. इथं येऊन कोन करन?"

रूपराव रागानं निघून गेला. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं कांता आली, हातात पिशवी घेऊन, एकटीच. आणि संध्याकाळच्या गाडीनं हिंगणघाटहून सीताबाई आली. कमलाबाईनं गाडीवाल्याच्या हाती तिलाही निरोप धाडला होता.

पहिल्या दिवशी घरात अवघडलेपण होतं. कांतानं आपलं पाणी वेगळ्या तांब्यात भरून कोपऱ्यात ठेवलं. सीताबाईनं ते पाहिलं आणि अंगणात जाऊन बसली. गल्लीतही कुजबुज झाली. नलूबाई अंथरुणावरून म्हणाली, "सीताबाई, घरात ये. कांता, तिले चहा दे. माह्याच कपात दे." कांतानं चहा दिला.

पण काम सगळ्यांनाच होतं. कांता नलूबाईला आंघोळ घालायची, सीताबाई स्वयंपाक करायची. कांता आडोशानं सीताबाईचा हात बघायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सीताबाईनं तव्यावरून उतरवलेली भाकर कांतानं ताटात वाढून घेतली आणि जेवली. कोपऱ्यातला तांब्या पुन्हा मोरीत गेला.

नलूबाईची बोटं थोडी मोकळी झाली तेव्हा खरी अडचण कांताचीच झाली. नलूबाईनं पेला उचलायचा प्रयत्न केला की ती धावायची. सीताबाई तिला पदराला धरून मागं ओढायची.

"सांडू दे ना बाई."

"पन तिले दुखून राह्यलं!"

"दुखू दे. तिचा पेला हाय."

कांताचे डोळे भरून आले. "मी एवढं केलं बाईसाठी सेलूले... थे काय चुकलं?"

सीताबाईचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "चुकलं नाई माय. माह्यासाठी त एवढं करनारं कोनी नव्हतं. म्हनून मी शिकलो. पन तशी पाळी तिच्यावर काऊन याले पाह्यजे? तू जवळ राह्य. फक्त थांबत जा जराशी."

त्या दिवसांत कांता थांबायला शिकली. सोपं नव्हतं ते. हात मांडीखाली दाबून ती बसायची. नलूबाईनं पेला उचलला, अर्धा सांडला, अर्धा प्यायली, तेव्हा कांताच हसली. जायच्या आधी तिनं कमलाबाईला सोबत घेऊन चुलीची वैल रुंद करून घेतली, गंज घट्ट बसावं म्हणून भोवती मातीचं कडं लिंपलं, आणि दोन लांब दांड्यांची सांडशी बाजारातून आणून दिली. रूपराव घ्यायला आला तेव्हा सीताबाई घरातच होती. तिनं पाणी दिलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि प्यायला.

त्यानंतरची वर्षं मळणीयंत्रांचीच होती. गावोगाव ती आली, आणि हात गेलेली माणसंही वाढली. दवाखान्यात कोणी कोणाला सांगायचं, हिंगणघाटला एक बाई आहे, वडनेरला एक आहे. माणसं शोधत यायची. नलूबाई त्यांना पाट दाखवायची, परातीखालचं फडकं दाखवायची, सुताराचं घर सांगायची. ज्यांना दोन्ही हात नव्हते, त्यांच्यासाठी तिच्यापाशी काही नव्हतं, आणि तसं ती सरळ सांगायची.

चौऱ्याऐंशी साली रोहण्याहून तानबा नावाचा एक शेतकरी आला. तिशीतला, तगडा, उजवा हात मनगटापासून गेलेला. बायको जयवंता सोबत होती. नलूबाईनं चहा केला आणि दोन कपबशा त्यांच्यापुढं ठेवल्या. तानबानं कपाला हात लावला नाही. जयवंतानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि त्याच्या ओठांशी नेली. त्यानं डोळे मिटले आणि प्यायला. एवढा मोठा माणूस डोळे मिटून चहा पीत होता.

नलूबाई उठली. "जयवंता, ये वं जरा मांगं. माह्या परसातल्या वांग्यायले कीड लागून राह्यली, पाह्यून सांग काय करू."

"याइचा चहा..."

"राहू दे तिथंच. ये."

परसात वांग्यांना कसलीही कीड नव्हती. जयवंतानं पानं उलटीपालटी करून पाहिली आणि गोंधळून नलूबाईकडे बघितलं. नलूबाई तिला सावकाश एकेक झाड दाखवत राहिली. घरातून कपबशीचा खडखडाट ऐकू आला. जयवंता वळली. नलूबाईनं तिच्या दंडावर हात ठेवला. दोघी तिथंच उभ्या राहिल्या. मग बराच वेळ काही आवाज आला नाही.

आत गेल्या तेव्हा तानबाच्या सदऱ्यावर चहाचा मोठा डाग होता. बशी पालथी पडली होती. कप रिकामा होता आणि तो त्याच्या डाव्या हातात होता. बायकोकडे न बघता त्यानं तो नलूबाईपुढं धरला.

"अजून हाय काय, बाई?"

"हाय ना," नलूबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.