नखाने लिहिलेला रोग

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत दर गुरुवारी बायाबापड्यांची रीघ लागायची. दगड लोण्यासारखा मऊ झालेला बघायला! चंद्रप्रकाश महाराज पाटावर बसत, समोर हातभर लांबीची काळीभोर शिळा. आजाऱ्याचं नाव विचारत, रोग विचारत, आणि चक्क बोटाच्या नखाने तो दगडावर लिहीत. मग वर पाणी ओतून अंगठ्याने अक्षरं घासून टाकत.

"गेला! दगडाने गिळला! वाकोल्याच्या खाणीतला दगड हा, सुरुंगाला बधला नाही, पण आमच्या तपापुढे विरघळला. प्या हे पाणी. शिळेला मात्र कोणी शिवायचं नाही. आणि दगड नि डॉक्टर एका घरात नांदत नाहीत. गोळी घेतलीत की दगड कोपतो."

दगडाला कोपायला बरं जमत होतं, रोग मात्र त्याला लिहून सांगावा लागे. पण गर्दीत असले प्रश्न कोण विचारतो?

लवू परब त्याच गल्लीत ग्रिलं बनवायचा. संपात गिरणी गेली तेव्हा कणकवलीकडचा हा माणूस वेल्डिंग शिकला होता. बायको जानकीला क्षय झाला होता. दवाखान्याच्या सुया लागू पडत होत्या, पण सुई घेतली की तिचे कान वाजायचे, घेरी यायची. कोणीतरी महाराजांचं नाव काढलं.

लवू भोळसट नव्हता. त्याने कारागिराला शोभेल अशी परीक्षा घेतली. वर्कशॉपातली गॅसची बत्ती आणून, शिळेला हात न लावता, तिची ज्योत सरळ शिळेवर धरली. एवढ्या आचेला मुंबईचा काळा दगड तडकतो, हे त्याला ठाऊक होतं. शिळेतून तेलकट धूर निघाला, पण ती जशीच्या तशी राहिली. लवूने तिथल्या तिथे लोटांगण घातलं. धूर कसला, हे विचारायचं राहून गेलं. दसऱ्यापासून जानकीच्या सुया बंद झाल्या.

तिचे कान वाजायचे थांबले. "बरा वाटता," ती म्हणाली. सुई थांबली की सुईचा त्रास थांबणारच, पण श्रेय महाराजांना गेलं. दिवाळी उलटली आणि खोकल्यातून रक्त पडू लागलं.

त्याच सुमारास क्षमाताई खिडकीचं ग्रिल सांगायला आल्या. अंधेरीच्या कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या. लवूचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी चौकशी केली, तसं त्याने सगळं सांगून टाकलं. बत्तीची गोष्ट ऐकून त्या थबकल्या.

"लोखंडावर खुणा कशाने करता तुम्ही?"

"ह्या चॉकनं. आच लागली तरी खूण जात नाय, ताई."

"नख ओढा त्याच्यावर."

लवूने ओढलं. सहज चरा पडला.

"हा खडू नव्हे, दगडच आहे. संगजिरा. जमिनीच्या पोटात खोलवर उष्णता, दाब आणि गरम पाणी यांनी जुन्या खडकाचं रूपच बदलतं, तेही न वितळता. चिखलाच्या खडकाचा पाटीचा दगड होतो, त्याचे थर सुटतात. चुनखडीचा संगमरवर होतो, त्याला थर नसतात. अशा खडकांची वर्गवारी आम्ही तशीच करतो. आधी थर बघायचे, मग आतली खनिजं. संगजिऱ्यातलं खनिज इतकं मऊ की नखाने कोरावं, आणि आच तर त्याला सहज सोसते. वाकोल्याचा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्यावर नख तुटेल."

"पण ती शिळा काळी हाय!"

"तेल चोळलं की हा काळपट होतो. नाहीतर तो धूर कसला होता?"

लवूने वर्कशॉपचं दार ओढून घेतलं. त्याच दुपारी त्याने जानकीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून डाग दाखवले. औषध मध्येच सोडल्यामुळे रोग आता त्या सुयांना जुमानत नव्हता. तिला वॉर्डात ठेवून घेतलं.

गुरुवारी क्षमाताईंनी रस्त्याच्या कडेची काळी खडी महाराजांपुढे ठेवली. "हीसुद्धा खाणीतलीच. लिहा ना हिच्यावर."

"ही अजून जागी झाली नाही, बाई."

तेवढ्यात लवू पुढे झाला आणि सगळ्यांदेखत त्याने शिळेवर आपलं नख ओढलं. पांढरी रेघ उमटली.

"माझं कसलं तप? मी तर काल मच्छी खाल्ली! या, तुम्ही पण ओढा."

"पापी हात लागला!" महाराज किंचाळले. दोघा भक्तांनी लवूचा सदरा धरून त्याला बडवलं. पण रांगेतल्या विमलाबाईंनी दबकत नख ओढलं. मग आणखी एकीने. संध्याकाळपर्यंत महाराज शिळा टेम्पोत घालून पसार झाले होते.

लवू फुटल्या ओठाने वॉर्डात गेला आणि जानकीला सगळं सांगितलं. मग तिने त्याचा काळवंडलेला हात हातात घेतला.

"तुमच्या हातात रोज तोच दगड असता मां? मगे तेव्हाच एकदा नख ओढून कित्याक बघूक नाय?"

जानकी माघात वॉर्डातच गेली.

तिचा प्रश्न एकट्या लवूला नाही, आपल्या सगळ्यांना आहे. जिथे चमत्काराला हात लावायची बंदी असेल, तिथे आधी हात लावून बघा. तेवढं धैर्य नसेल तर नका लावू. पण चालू असलेलं औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. जानकी त्या औषधाने बरी होत होती.